आई आजारी असल्याचा निरोप

सन एकोणीसशे तेरा, आणि मी सतरा वर्षांचा. हे सतरा खरे किती ते देवाला माहीत. शाळेत नाव घालताना मास्तरांनी, बैल घेताना बघतात तसे माझे दात बघितले आणि वय लिहून टाकलं. आईला विचारलं तर ती म्हणायची, वाघानं आमची काळी पाडी नेली त्या साली तू झालास. पाडी कधी नेली ते कुणालाच सांगता येत नसे. म्हणून मी मास्तरांचं वय धरून चालतो. बाकी मास्तरांचं काही धरून चालत नाही, आणि ते का, ते आता लिहितो.

आमचा पाडा जव्हार संस्थानात, पण अगदी काठावर. खालचा ओढा ओलांडला की मोखाड्याकडची इंग्रजी हद्द. अलीकडं महाराजांचं राज्य, पलीकडं गोऱ्या साहेबाचं, आणि दोन्हीकडं नागलीच. पाड्यात कुणाला अक्षर येत नव्हतं. मी पहिला. मला कुणी शाळेत घातलं नाही, हे आधी सांगून टाकतो, कारण नंतर बरेच जण म्हणायला लागले की आम्ही घातला. मी बाच्या बरोबर जव्हारच्या बाजाराला गेलो होतो. बा मीठ घेत होता. शेजारी शाळेतून पोरांचा एका सुरात ओरडण्याचा आवाज येत होता. मी जाऊन पायरीवर बसलो, आणि बा शोधत आला तरी उठलो नाही. बानं कान पिळला, तरी उठलो नाही. मग मास्तर बाहेर आले आणि म्हणाले, राहू दे त्याला. तेव्हा ते मला देवासारखे वाटले.

शाळेमागं एक पडवी होती. पाड्यांवरून आलेली पोरं तिथं राहायची. तीन दगडांची चूल, नागलीची भाकरी, बरोबर सुकट नाहीतर नुसतं मीठ-मिरची. पहिल्या वर्षी पडवी भरलेली असायची. मग कुणी लावणीला गेला तो आलाच नाही, कुणाचं लग्न झालं, कुणाला हिवताप झाला. सातवीपर्यंत पाड्यांवरचा मी एकटा उरलो. सातवी म्हणजे फायनल. आता फायनल कुणाला कळणार नाही. मराठी सातवीची ती मोठी परीक्षा असे, संस्थानाबाहेर जाऊन द्यायची, आणि ती पास झालेला माणूस मास्तर व्हायचा, तलाठी व्हायचा, दरबारच्या कचेरीत टाक धरून बसायचा. पाड्यातला माणूस कचेरीत उंबऱ्याच्या आत बसलेला कुणी पाहिलाच नव्हता.

पास व्हायचं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. ते बाजारच्या दिवशी दिसायचं. बा कचेरीसमोर उन्हात दुपारपर्यंत उभा असायचा, पागोटं काढून. आतून कुणी ‘ए, ये’ म्हणेपर्यंत. मला तो उंबरा ओलांडायचा होता, बाला मागं घेऊन. बस, एवढंच. दुसरं काही नको होतं.

दसरा झाला आणि मास्तरांनी आम्हा फायनलवाल्यांना वेगळं बसवलं. दर शनिवारी लुटुपुटीची परीक्षा. आमच्या शाळेतून जो जो गेला तो तो पास झाला, असं तपासणीला आलेल्या साहेबानं दरबारात बोलून दाखवलं होतं, आणि मास्तर ते वाक्य दर शनिवारी आम्हाला ऐकवायचे. ऐकवताना छाती फुगायची त्यांची. आम्ही मात्र दौतीत बघत बसायचो.

त्या शनिवारांपासून माझा हात कापायला लागला. सगळं पाठ असायचं, नद्या, डोंगर, व्याजाची गणितं, कविता. गावाबाहेर शिरपामाळावर बसून मोठ्यानं म्हणायचो तेव्हा एक शब्द चुकायचा नाही, गुरं मान वर करून बघायची. पण कागद पुढं आला, टाक दौतीत बुडवला, की बोटं आपल्या आपण थरथरायची. शाईचे थेंब कागदावर पडायचे. तळवे इतके ओले व्हायचे की लिहिलेलं पुसलं जायचं. आणि जे गुरांना सांगितलं ते कागदाला सांगता यायचं नाही. डोकं नुसतं पांढरं. नंतर नंतर शनिवार यायची वाटही पाहावी लागेना. घंटेचा टोल पडला की आतडी पिळायची. भाकरी समोर असून घास उतरायचा नाही. झोप तर कधीच गेली होती.

मी एकटाच असा होतो, असं समजू नका. माझ्या बाकावर कचेरीतल्या एका कारकुनाचा मुलगा बसायचा. गोरा, सडपातळ, सुरेख अक्षराचा. तो दर शनिवारी शाळेमागं निवडुंगाच्या कुंपणाशी जाऊन ओकायचा. ओकून आला की तोंड पुसून हसायचा आणि म्हणायचा, चला, एक विषय झाला. त्याची आई त्याच्यासाठी दहीभात पाठवायची, पोटाला थंड म्हणून. तो अर्धा मला द्यायचा. आम्ही दोघं शिरपामाळावर अभ्यासाला जायचो. एकदा तो म्हणाला, “तुझं बरं आहे रे. नापास झालास तर नांगर धरशील. मला तर बाप घरात घेणार नाही.”

मी म्हटलं, “तुला एकटा बाप आहे. मला अख्खा पाडा आहे.”

त्यावर तो खूप हसला. मीही हसलो. पण ते खरंच होतं. बाजाराला आलेला पाड्यातला प्रत्येक माणूस शाळेच्या कुडातून डोकावून मला बघून जायचा.

आता माझा नातू नाशकाला कॉलेजात आहे. त्याच्या परीक्षेच्या दिवसांत घरात रेडिओ लावत नाहीत, सुनबाई त्याला दूध नेऊन देते, सगळे हळू बोलतात. त्याचं तोंड उतरलं की म्हणतात, टेन्शन आलंय त्याला. मला हसू येतं असं नाही. बरंच आहे. निदान त्या गोष्टीला एक नाव मिळालं. आमच्या वेळी तिला नाव नव्हतं, म्हणून ज्याला जे वाटलं ते नाव त्यानं दिलं. माझं सगळं त्यातच गेलं.

दिवाळीला घरी गेलो. खळ्यावर भाताची झोडणी चालली होती. दुपारी सगळे सावलीला गेले, मी आणि बा खळ्यावर राहिलो. बा माणूस चांगला होता. माझ्यावर हात उगारला तो त्या मिठाच्या दिवशीच. मला वाटलं, याला सांगावं. मी म्हटलं, बा, मला भेव वाटतं. हात कापतात. झोप येत नाही. जेवण जात नाही. शाळेत बसलो की अंगाला घाम सुटतो.

बानं पेंढी खाली ठेवली. मला वाटलं, आता म्हणेल, मग नको जाऊ, राहा घरी. किंवा म्हणेल, पोरा, असं होतं, जाईल. यातलं काही तो म्हणाला नाही. त्याचा चेहरा उजळला. खरंच सांगतो, उन्हात काशाचं ताट लखलखावं तसा उजळला. त्यानं माझा हात हातात घेतला, उलटा केला, तळवा बघितला. विचारलं, कधी कापतो? घंटा वाजल्यावर? का आधीपासून? डोळ्यांपुढं काही दिसतं का? मी म्हटलं, पांढरं दिसतं. पांढरं, पांढरं, असं तो दोनदा पुटपुटला.

मी म्हटलं, “कोणाला सांगू नको.”

तो म्हणाला, “नाय सांगत. कशाला सांगू?”

इथं आमच्याकडची एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर बाच्या आनंदाचा उलगडा होणार नाही. आमच्याकडं विद्या म्हणजे भगताची विद्या. दुसरी विद्या कुणी पाहिलीच नव्हती. पावसाळ्यात निवडक पोरं भगताकडं शिकायला बसायची आणि दसऱ्याला उठायची. त्या दिवसांत ती पथ्य पाळायची, जेवण कमी करायची, रात्री जागायची. आणि ज्याच्या अंगात विद्या शिरली तो थरथरायचा. हात कापायचे, घाम सुटायचा, डोळे पांढरे व्हायचे. ज्याचे हात कापत नाहीत त्याला भगत परत पाठवायचा, हा कोरडा आहे म्हणून. तेव्हा माझ्या बापाला मी काय सांगितलं? मी भीती सांगितली, त्यानं आनंद ऐकला. जव्हारच्या मास्तरांची विद्या माझ्या अंगात शिरली, असं त्याला वाटलं. आणि ती शिरताना त्रास होणारच. त्रास झाला नाही तर ती विद्या कसली?

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी मोकळा झाल्यासारखा जव्हारला परतलो.

मग गमती सुरू झाल्या. बाजाराला आलेली माणसं आता कुडातून नुसती डोकावायची नाहीत, आत यायची. लांब उभी राहायची, हात जोडायची. कुणी पडवीच्या दाराशी काकडी ठेवून जायचा, कुणी पदराच्या टोकाला बांधलेले उडीद. मला वाटलं, पाडा आपल्यावर किती माया करतो. एक म्हातारा तर पडवीत येऊन बसला आणि म्हणाला, माझी कालवड हरवली. मी म्हटलं, मग शोधा. तो म्हणाला, कुठं शोधू ते सांग. मला पाठ म्हणायचं होतं, त्याला घालवायला मी म्हटलं, ओढ्याच्या वरच्या अंगाला बघा. आता ओढ्याच्या वरच्या अंगाला हिरवं गवत असतं, कालवड जाणार कुठं? ती तिथंच सापडली. पुढच्या बाजारी पडवीच्या दाराशी कोंबडा बांधलेला. कारकुनाचा मुलगा म्हणाला, बुवा, आमच्या गणिताचं उत्तर सांगा. आम्ही कोंबडा खाल्ला. माझ्या डोक्यात तेव्हाही उजेड पडला नाही.

फाल्गुन आला. परीक्षेला नेणाऱ्या गाड्या उद्या सुटणार, असा दिवस उजाडला. दोन बैलगाड्या, बरोबर मास्तर स्वतः. मी माझे टाक धुऊन वाळत घातले होते. सकाळीच शिपाई आला, मास्तरांनी बोलावलंय.

मास्तर त्यांच्या ओसरीवर उभे होते. बाहेर अंगणात काठी टेकून बा. मास्तर माझ्याजवळ आले, पाठीवर हात ठेवला. इतक्या वर्षांत त्यांनी कधी हात ठेवला नव्हता. म्हणाले, तुझी आई फार आजारी आहे. वडील न्यायला आलेत. लगेच निघ.

मी म्हटलं, “मास्तर, उद्या गाड्या.”

ते म्हणाले, “आधी आई. परीक्षा काय, पुढच्या वर्षीही आहे.”

खरं सांगायचं तर, तेव्हा आईच्या काळजीबरोबरच एक वाक्य मनात रुतलं. हा केवढा मोठा माणूस, असं वाटलं. साहेबाच्या शब्दाला एवढं जपणारा, पण आईपुढं परीक्षा बाजूला सारतो. मी त्यांच्या पाया पडलो. पाया पडलो, हे मला आजही खुपतं.

सामान तिथंच टाकून निघालो. वाटेत बाला विचारलं, काय झालं तिला? तो म्हणाला, चल, बघशील. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. बा पुढं, मी मागं. तो बोलत नाही म्हणजे ती गेली असणार, असं मी मनाशी धरलं, आणि त्याच्या पाठीमागून चालताना रडलो. पळस फुलला होता, मोह टपटपत होता, पोरीबाळी मोह वेचत होत्या. मला कुठंच बघवत नव्हतं. बाला माझं रडणं ऐकू येत होतं. एवढ्या वाटेत त्यानं एकदा वळून म्हणायचं होतं, रडू नको, ती बरी आहे. म्हटलं नाही. हेही मी विसरलेलो नाही.

पाड्यावर पोचलो तर अंगणात मुसळाचा आवाज. आई भात कांडत होती. मला बघून तिचं मुसळ वरच्या वर थांबलं. म्हणाली, “तू कसा आला? उद्या परीक्षेला जायचा ना?”

मी दारातच बसलो. तिला काहीच माहीत नव्हतं. ती मला पाणी द्यायला आत गेली, आणि मी बाच्या तोंडाकडं बघितलं.

बा म्हणाला, मास्तरानंच निरोप धाडला. शिपाई पाड्यावर आला होता. मास्तरांचा निरोप असा, की पोराचे हात कापतात, कागद शाईनं भरतो, हा तिकडं जाऊन काही लिहायचा नाही आणि त्याच्या डोक्यावर मात्र परिणाम होईल, तर त्याला घेऊन जा. आणि तो हट्टी आहे, सरळ सांगितलं तर यायचा नाही, म्हणून मी त्याला आई आजारी असल्याचं सांगेन, तुम्ही तेच धरून चाला.

“मास्तर म्हनला, पोर बाधला,” बा म्हणाला. “त्याला काय कळतं? माला ठाव हाय. बाधला नाय. तुला इद्या आली.”

म्हणजे एकाला वाटलं मी त्याच्या शाळेचं नाव घालवीन, आणि दुसऱ्याला वाटलं मी त्याच्या पाड्याचा भगत होईन. दोघांनी मिळून माझ्या धडधाकट आईला आजारी पाडलं. एकमेकांना काय वाटतं ते दोघांनाही ठाऊक नव्हतं, त्याची त्यांना गरजही नव्हती. आणि कारकुनाचा मुलगा दर शनिवारी ओकत होता, ते मास्तरांना दिसत नव्हतं काय? त्याला दहीभात. मला घरची वाट. त्याचा बाप उंबऱ्याच्या आत बसणारा, माझा बाहेर उभा राहणारा, एवढाच फरक.

संध्याकाळी उन्हं उतरली तेव्हा अंगण शेणानं सारवलेलं होतं आणि पाडा जमलेला होता. पलीकडच्या पोशेऱ्याहूनही माणसं आली होती, इंग्रजी हद्दीतून, कालवडीची गोष्ट तिथवर गेली होती. मग कळलं की बानं दिवाळीतच, ज्या दुपारी मी सांगितलं त्याच दुपारी, भगताला सांगितलं होतं. भगत म्हातारा होता, त्याला मुलगा नव्हता, शिकायला बसलेली पोरं सगळी कोरडी निघाली होती. त्याच्या जागी मला बसवायचं, असं चार महिन्यांपूर्वीच ठरलेलं. बा परीक्षेची वाट बघत होता ती यासाठी, की विद्या पुरती भरू दे, मग काढून आणू. मास्तरांचा निरोप आला तेव्हा त्याला वाटलं, भरली.

मी उठून जाणार होतो. आईनं दंडाला धरलं, म्हणाली, म्हातारा माणूस आला आहे, बस. म्हणून बसलो.

भगत सुपात तांदूळ घेऊन समोर बसला. भला माणूस होता तो, त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्यानं माझा उजवा हात पुढं घेतला, तळव्यावर चिमूटभर दाणे ठेवले, आणि तोंडातल्या तोंडात म्हणायला लागला. सगळे माझ्या हाताकडं बघत होते. बा तर श्वास रोखून.

हात कापेना.

मीही बघत होतो. इतके महिने जो हात टाक धरू देत नव्हता, तो लाकडाच्या फळीसारखा. घाम नाही. तळवा कोरडा. एक दाणा हलला नाही. आणि का हलावा? उद्याची परीक्षा राहिलीच नव्हती. घंटा नाही, कागद नाही, साहेब नाही. ज्याचं भेव होतं तेच त्यांनी काढून घेतलं होतं. भगतानं दुसऱ्यांदा म्हटलं, तिसऱ्यांदा म्हटलं. बायका कुजबुजायला लागल्या. कुणीतरी खोकलं. पोशेऱ्याचा एक जण म्हणाला की चला, वाट लांबची आहे.

भगतानं दाणे परत सुपात घेतले. माझ्या तोंडाकडं जरा वेळ बघितलं. म्हणाला, “याच्या अंगात काय नाय. भेव होता, गेला. पोराला जेवाया घाला.” आणि सूप काखोटीला मारून उठला.

माणसं निघून गेली. बा जागचा हलला नाही. मग म्हणाला, तू मुद्दाम केलास. हात धरून ठेवलास. चार गावच्या माणसांत माझं नाक कापलंस.

मी म्हटलं, “बा, तू कोणाला सांगणार नाय म्हणालास.”

“मी काय वाईट सांगला?” तो म्हणाला. “चांगलाच सांगला.”

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. आपणच फसवले गेलो असं त्याला वाटत होतं, आणि ते त्याला मरेपर्यंत वाटत राहिलं. मी मुद्दाम केलं नव्हतं, असं मी त्याला कधी सांगितलं नाही. ज्यानं माझा शब्द ठेवला नाही त्याला मी माझ्या हाताचा हिशेब का द्यावा? लोक म्हणतात, बाप होता, समजून घ्यायचं. मी समजून घेतलं. समजून घेतलं म्हणजे विसरलो, असं नाही.

त्या रात्री मला दसऱ्यानंतर पहिल्यांदा गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंबडा आरवला तसा उठलो आणि जव्हारची वाट धरली. आईनं भाकरी बांधून दिली, कुठं जातोस विचारलं नाही. उन्हं चढायच्या आत शाळेपाशी पोचलो. गाड्या जुंपायच्या चालल्या होत्या. आयाबाया ओवाळायला आल्या होत्या, कारकून आपल्या मुलाला टोपी नीट घाल म्हणून सांगत होता. मास्तर नवं उपरणं घेऊन उभे. मला बघून त्यांचा चेहरा क्षणभर पडला, मग सावरून सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, “काय रे, आई कशी आहे?”

“बरी आहे,” मी म्हटलं. “कालही बरीच होती. भात कांडत होती.”

मास्तरांनी मला चाकाच्या आडोशाला नेलं. हळू आवाजात म्हणाले, की तुझी अवस्था मी बघत होतो. तू तिथं कोसळला असतास. तुझ्या भल्यासाठीच केलं मी.

“मग तसं मला सांगायचं,” मी म्हटलं. “आईला कशाला मध्ये घेतलंत?”

त्यांनी उपरणं सारखं केलं. कारकून लांबून बघत होता. शेवटी ते म्हणाले, “झालं ते झालं. नाव अजून आहे तुझं. चल, बस गाडीत.”

आता ऐका. हात माझा शांत होता. त्या दिवशी त्यांनी कुठलाही कागद पुढं ठेवला असता तर मी तो लिहिला असता, हे मला माहीत होतं आणि आजही माहीत आहे. कचेरीचा उंबरा तिथून गाडीच्या दांडीएवढाच लांब होता. पण ज्यानं मला खोटं सांगून घरी घालवलं, त्यानं आता चार माणसांत लाजून गाडीत घ्यायचं, आणि पास झालो तर साहेबापुढं माझ्यावरून छाती फुगवायची? मी म्हटलं, “नाही.” त्यांनी पुन्हा म्हटलं. मी पुन्हा नाही म्हटलं. माझी मुलं म्हणतात, तिथं चुकलात. मी म्हणत नाही.

मी गाडीजवळ गेलो. माझी घोंगडी कारकुनाच्या मुलानं आपल्याखाली अंथरली होती. तो पांढराफटक पडलेला, हातात दह्याचं मडकं. म्हणाला, ये ना रे, मला एकट्याला भीती वाटते.

त्याचं मला वाईट वाटलं. त्या सगळ्यांत तो एकटा माझ्याशी खोटं बोलला नव्हता. पण मी म्हटलं, “ऊठ.”

तो उठला. मी घोंगडी ओढून घेतली, तिच्यातला पेंढा झटकला, खांद्यावर टाकली. पडवीतलं माझं पातेलं आणि तवा घेतला. टाक वाळत होते ते तिथंच राहू दिले. आणि निघालो. गावाबाहेर पडेपर्यंत गाड्यांची आणि माझी वाट एकच होती. मागून घुंगरं वाजत जवळ आली, गाडीवान ‘बाजूला हो’ म्हणून ओरडला. मी बाजूला झालो नाही. रस्त्याच्या मधून चालत राहिलो. त्यानंच बैल वळवले आणि गाडी माझ्या कडेनं पुढं नेली.